पोस्टरं इथंच राहतीन

शनिवारची शाळा सकाळची असायची. ती सुटली की मी घरी येऊन दप्तर ठेवायचे, उभ्याउभ्या वरणभात खायचे आणि पिशवी उचलायचे. पिशवी मी शुक्रवारी संध्याकाळीच भरून ठेवत असे. त्यात एक फ्रॉक, कंगवा, भूगोलाची वही एवढंच असायचं. निघताना मात्र तळाशी एखादी छोटी बरणी हाताला लागायची, कधी लिंबाचं लोणचं, कधी मिरचीचा ठेचा. ती कोणासाठी आहे हे आई सांगत नसे आणि मी विचारत नसे. दारात ती नेमानं विचारायची, “कुठं चालली?”

“पांढुर्ण्याले.”

“कायले?”

“पोस्टरं पाहाले.”

“जा मंग. उद्या शेवटच्या गाडीची वाट पाहू नोको. त्याच्या आधीच्या गाडीनं येजो.”

एकदाच मी दुसरं उत्तर दिलं होतं, “बाबाले भेटाले.” आई तेव्हा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती सोलत राहिली, पण दाणे टरफलांच्या टोपल्यात आणि टरफलं दाण्यांच्या गंजात जायला लागली. बराच वेळ ते तिच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर मी ते उत्तर वापरलं नाही. पोस्टरं माझ्याकडे होतीच, ती खरी होती, आणि सौंसरहून पांढुर्ण्याला जायला एवढं कारण पुरत होतं.

आई मामांच्या घरी का राहायला आली हे मला कोणी सांगितलं नाही. आता सांगणारंही कोणी उरलेलं नाही. आमच्या घरात मी भांडणाचा आवाज कधी ऐकला नव्हता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सौंसरला आलो आणि सुट्टी संपल्यावर माझं नाव तिथल्या शाळेत घातलं गेलं, इतकंच. मामा बोरगावच्या कारखान्यात कामाला होते. घर स्वच्छ, बोलकं, माणसांनी भरलेलं होतं. त्या भरलेल्या घरात माझी एक उशी होती आणि कपाटातला खालचा अर्धा कप्पा होता. मला वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय तिथे लागली. माझं असं जे होतं ते त्या अर्ध्या कप्प्यात मावावं लागे, म्हणून काय आहे आणि काय नाही हे मला पाठ असायचं. ऑफिसात पुढे लोक माझ्या टापटिपीचं कौतुक करायला लागले. तिचं मूळ त्या अर्ध्या कप्प्यात होतं.

पांढुर्ण्याचं घर याच्या उलट. खोल्या मोठ्या, आणि राहणारा माणूस एक. बाबांची संत्र्याची बाग तिगावच्या बाजूला होती. ते सकाळी सायकलनं जात आणि ऊन उतरल्यावर येत. मी बसमधून उतरून घरी पोचायचे तेव्हा दाराला कुलूप असायचं आणि किल्ली शेजारच्या शेवंताकाकूंकडे. दुपारभर घरात जिनिंगचा आवाज येत राहायचा, कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, एकसुरी, थांबला की कानाला चुकल्यासारखं वाटणारा. मधूनच इटारसीकडे जाणारी मालगाडी निघाली की फडताळातले गिलास किणकिणायचे. मग बाबांच्या सायकलची साखळी वाजायची. हातपाय धुऊन ते चुलीपुढे बसायचे आणि चून-भाकर करायचे. बेसनाचं ते पातळ चून त्यांना चांगलं जमायचं, भाकर मात्र नेहमी एका बाजूला जाड. जाड बाजू ते स्वतःच्या ताटात घेत. जेवताना आम्ही फारसं बोलत नसू. “शाळा?” “चालू हाय.” “माय?” “बरी हाय.” लोणच्याची बरणी ते उघडून वास घ्यायचे आणि झाकण लावून कोनाड्यात ठेवायचे. पुढच्या रविवारी ती धुतलेली, रिकामी, माझ्या पिशवीत परत जायची.

पोस्टरांची सुरुवात संत्र्याच्या पेटीतून झाली. फळांचा तोडा झाला की आमच्या अंगणात माल भरला जाई. लाकडी पेटी, तिच्या तळाशी रद्दीचा कागद, वर वाळल्या गवताचं तणीस, मग फळांचे थर. कागद कुठला यावा याला काही नियम नव्हता, वर्तमानपत्रं, शाळेच्या पेपरांचे गठ्ठे, काहीही. एकदा मी पेटीत डोकावले तर तणसातून एक डोळा माझ्याकडे पाहत होता. तणीस बाजूला केलं तर दुसरा डोळा, कपाळावर मोठी टिकली, मग सगळा चेहरा. गावातल्या टाकीजची उरलेली पोस्टरं रद्दीवाल्याकडे जात आणि तिथून पेट्यांत. मी तो कागद ओढून काढला आणि त्या जागी माझ्या जुन्या वहीची पानं घातली. ती बाई दिल्लीला की कलकत्त्याला, पेटी जिकडे चालली होती तिकडे जायची राहिली आणि आमच्या घरी आली.

मग मी रद्दीपर्यंत वाट न पाहता थेट टाकीजवर जायला लागले. तिथे गुलाबराव म्हणून गेटकीपर होते. तिकिटं फाडणं, पंखे लावणं आणि गावभर पोस्टरं चिकटवणं हे सगळं त्यांच्याचकडे. पोस्टरांचा गठ्ठा चित्रपटाच्या पेट्यांबरोबर यायचा, प्रत्येक कागद चौघडी घातलेला. भिंतीवर लावून जे उरेल ते त्यांचं. पैशाचा व्यवहार त्यांनी माझ्याशी कधी केला नाही. आमच्या बागेतली डागाची, वाकडी, पेटीत न जाणारी संत्री मी पिशवीभर न्यायची आणि ते एक कोरं पोस्टर द्यायचे.

“या टायमाले आंबट हाय संत्री,” ते सोलतासोलताच म्हणायचे.

“मंग पोस्टर कोनतं देता?”

“आंबट संत्र्याले रडका पिच्चर.” आणि खरंच रडणाऱ्या बाईचं पोस्टर हातात ठेवायचे. “गोड आनशीन तवा मारामारीचं देतो.”

बाग रिकामी असली की तुरीच्या शेंगा, ढेमसं, काहीही चालायचं. एक गोष्ट सांगायची राहिली. यातला एकही चित्रपट मी पाहिलेला नव्हता. सौंसरला मामा नेत नसत आणि पांढुर्ण्याला बाबांना ते सुचत नसे. पहिला खेळ सुरू व्हायच्या आधी टाकीजच्या कर्ण्यावर गाणी लागत, ती अंगणात ऐकू येत, तेवढाच माझा आणि सिनेमाचा संबंध. पोस्टर फरशीवर पसरून मी पालथी पडायचे आणि गोष्ट ठरवायचे. कोपऱ्यातला छोटा म्हातारा हा बाप. मागे जळणारं घर त्याचंच. घोड्यावरचा माणूस वेळेवर पोचणार की नाही हे मला कधी ठरवता आलं नाही, कारण चित्रात तो कायम निघालेलाच असायचा. नावांपेक्षा मला चित्रं लक्षात राहत, म्हणून मी त्यांना माझी नावं दिली होती: टिकलीवाली, जळतं घर, पुलावरचे दोघं भाऊ. अलीकडे यातले काही चित्रपट मी मोबाईलवर पाहिले. पुलावरचे ते दोघं भाऊ नव्हतेच. तो चित्रपट मी अर्ध्यातच बंद केला.

शेवंताकाकूंना हे सगळं फार मजेचं वाटे. किल्ली देताना त्या मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “जा माय, तुही पलटन वाट पाहून राहिली. तुह्या बापाच्या घरात बाई नाई म्हनून तू कागदाच्या आनून बसवल्या का वं?” बाबा घरात असले तर खाली मान घालून हसायचे. पोस्टरांसाठी त्यांनी मला संत्र्याची एक रिकामी पेटी दिली होती, रंधा मारून गुळगुळीत केलेली, झाकणाला बिजागरी लावलेली. एवढं काम ते दुसऱ्या कशावर करताना मी पाहिलं नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला आईनं विषय काढला. मी नववीत होते. आई भांडी घासत होती आणि माझ्याकडे तिची पाठ होती. “पुढच्या साली दहावी. दर शनिवार-इतवार गाडीत चालला जाते तुहा. सर म्हनत होते, इतवारी टूशन लावा.” तिनं पुढचं भांडं ओढलं. “पोस्टरंच पाहाची हायेत ना? मंग थे इथं आन. माळ्यावरची पेटी खाली करून देते मी. दादाशी बोलली मी, त्याले चालते.”

हे ती प्रेमानं म्हणत होती. चित्रांतल्या नट्या घरात नकोत असं मामांचं स्पष्ट म्हणणं होतं, आणि त्यांच्याकडून होकार मिळवायला तिला किती बोलावं लागलं असेल याचा अंदाज मला आता येतो. पण तेव्हा मला एवढंच कळलं की माझं उत्तर तिनं काढून घेतलं. पोस्टरं सौंसरला आली की ‘कायले’ला माझ्याकडे काही उरत नव्हतं. उरलेलं उत्तर मी एकदा देऊन पाहिलं होतं.

त्या शनिवारी जेवताना मी बाबांना सांगितलं. “माय म्हनते, पोस्टरं तिकडं आन.”

बाबांनी घास खाल्ला. “सगळे?”

“हाव.”

“कवा नेतं?”

“पुढच्या शनिवारी बांधाचे, इतवारी न्याचे.”

“मंग टूशन?”

“मंग इतवारी टूशन.”

मालगाडी गेली, गिलास वाजले. मग बाबा म्हणाले, “दहावी मोठी असते,” आणि कोनाड्यातली बरणी काढून लोणच्याची एक फोड माझ्या ताटात वाढली.

पुढच्या शनिवारी दाराला कुलूप नव्हतं. मी आत गेले. मागच्या अंगणात, मालभरतीच्या वेळी ताडपत्री बांधायच्या दोरांवर, माझी सगळी पोस्टरं वाळत घातलेली होती, धुणं घालतात तशी. पाठीमागून ती निळसर पांढरी दिसत होती. तो रंग मला जन्मापासून ओळखीचा होता. संत्र्याच्या झाडाला डिंक्या रोग होऊ नये, वाळवी चढू नये म्हणून मोरचुदाची निळी पूड आणि चुना पाण्यात कालवून खोडाला कमरेइतका लेप देतात. आमच्या भागातल्या बागा त्यामुळे अर्धा लेंगा घालून उभ्या असल्यासारख्या दिसतात. तोच लेप, तोच कुंचा. बाबा मातीच्या कुंड्याजवळ उकिडवे बसून शेवटचं पोस्टर रंगवत होते. त्यांच्या बोटांची पेरं निळी झाली होती.

“वाळवी दिसली पेटीले,” ते वर न पाहता म्हणाले. “म्हटलं, तिकडं नेऊन राहिली, तं वाळवी घेऊन कायले जाते. झाडाले लावतो तसंच लावलं. पातळ करून.”

मी दोराखालून पलीकडे गेले आणि पुढची बाजू पाहिली. ओल आरपार उतरली होती. टिकलीवालीचा गाल हिरवा पडला होता आणि टिकली ओघळून भुवईत गेली होती. जळतं घर विझल्यासारखं राखाडी झालं होतं. जिथे चुना वाळला होता तिथे घड्यांवर कागद तडकला होता आणि हात लावला की पांढरी भुकटी झडत होती. कागदांमध्ये वारा शिरला की पातळ पत्र्यासारखा आवाज होई.

“वाळलं की बरोबर होते,” बाबा म्हणाले.

“हाव,” मी म्हणाले.

मग मी घरात आले आणि पेटी उजेडात नेली. उलटी केली, झाकणाची बिजागरी पाहिली, तळाच्या फळ्यांच्या फटी पाहिल्या. वाळवी मातीची रेघ काढत येते. पेटीवर कुठेही माती नव्हती. बाबांनी झाडून काढली असेल, असं मी ठरवलं. बाबा मोरचुदाचा लेप किती जपून करत हे मला माहीत होतं. कालवलं की त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहायचे, पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी आहे समजायचं, नाहीतर साल भाजते. जो माणूस झाडाची साल भाजू देत नव्हता, त्याला कागदाचं काय होईल ते कळलं नसेल का? हा प्रश्न मी पुढे आयुष्यभर जवळ ठेवला. त्यांना विचारला नाही.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला. वांग्याची भाजी थोडी करपली. बाबांनी ती सगळी खाल्ली.

रविवारी मी टिकलीवाली घडी करून पिशवीत घातली आणि सौंसरला घेऊन आले. आईला दाखवायला काहीतरी लागणार होतं. तिनं ती अंगणात उलगडली. चुन्याची भुकटी तिच्या लुगड्यावर पडली. तिनं थोडी चिमटीत घेऊन चोळली, नाकाजवळ नेली. लग्नानंतरची इतकी वर्षं तिनं तो लेप स्वतः कालवला होता, वास घ्यायची खरं तर गरज नव्हती.

“कोनं लावलं?”

“बाबानं. वाळवी लागली म्हने.”

“सगळ्याइले?”

“हाव.”

मामा ओसरीवरून उठून आले. वाकून पाहिलं आणि हसले. “येडा मानूस हाय. कागदाले मोरचूद लावते का कोनी?”

“येडा नाई थो,” आई म्हणाली. इतक्या वर्षांत बाबांविषयी तिनं माझ्यादेखत बोललेलं हे एकच वाक्य. मामा परत ओसरीवर गेले. आईनं पोस्टर त्याच्या जुन्या घड्यांवर सावकाश मिटलं, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्या हातात दिलं. “हे घरात नोको. चुना झडते, पोरं तोंडात हात घालतात. तिथंच राहू दे.” मग उठता उठता, पाठ करून, “पाहाले जाशीन तं टूशन सरले सांगून ठेव, इतवारचं सोमवारी घ्या म्हना.” ती न्हाणीत हात धुवायला गेली. पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढच्या शनिवारी मी टिकलीवाली परत पांढुर्ण्याला नेली. बाबा दारातच उभे होते, सायकल भिंतीला लावलेली, बागेत गेलेच नव्हते. मी पिशवी ठेवली आणि म्हणाले, “माय नाई म्हनते. चुना झडते म्हने.”

“मंग?”

“मंग काई नाई.”

“मंग पोस्टरं इथंच राहतीन,” बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या हातून पोस्टर घेतलं, पेटीत ठेवलं आणि चहा मांडला. साखर दोनदा घातली.

त्यानंतर दहावी झाली, कॉलेज झालं, सौंसरलाच नोकरी लागली, लग्न काही झालं नाही. आई-बाबा दोघांनीही माझ्यासाठी स्थळं पाहिली, पण एकमेकांना न विचारता, त्यामुळे एकाचं ठरत आलं की दुसऱ्याचं आड येई. मी शनिवारी जात राहिले. गुलाबरावांचं टाकीज बंद पडेपर्यंत बाबा स्वतः संत्री घेऊन पोस्टरं आणत राहिले, आणि आणलेल्या प्रत्येक पोस्टराला त्यांनी पाठीमागून लेप दिला. मी पोचले की ते पेटी उघडून दाखवायचे, “हे नवं.” मी हातात घ्यायचे, पाहायचे, भुकटी झटकायचे. चांगलं पोस्टर असं कोरडं, तडकलेलं झालं की मी त्याच्या घड्या जपून मिटायचे. पण लेप लावू नका असं म्हणायला मी कधी धजावले नाही. लावू नका म्हटलं असतं तर ती सौंसरला नेण्याजोगी झाली असती.

आता मी पोस्टरं विकत घेते. नागपूरच्या जुन्या बाजारात जाते, मोबाईलवर विकणाऱ्यांशी बोलते. अस्सल कागद मला बोटांनी कळतो. घड्या पाहिजेत, खाली छापखान्याची बारीक ओळ पाहिजे, शाई कागदात मुरलेली पाहिजे. गुळगुळीत, चकचकीत, घडी नसलेलं दिसलं की ते आजचं छापलेलं असतं. बाबांनी लेप दिलेल्या पोस्टरांच्या कोऱ्या प्रती मी एकेक करून मिळवल्या. टिकलीवालीला सर्वांत जास्त वेळ लागला. माझ्या सौंसरच्या घरात मागच्या खोलीत नकाशांसाठी असतं तसं रुंद, उथळ खणांचं कपाट करून घेतलं आहे, त्यात त्या आहेत, खणावर चिठ्ठ्या, आत कडुनिंबाचा पाला. मुंबईचा एक विक्रेता ते पाहायला आला तेव्हा मी बोलता बोलता पांढुर्ण्याच्या पेटीविषयी बोलून गेले. तो म्हणाला, “घेऊन या ना. पाण्यात सोडून चुना काढता येतो, मागून कापड लावून देतो. नव्यासारखी होतील.” मी त्याचा नंबर लिहून घेतला. मी सगळंच लिहून घेते.

बाबा गेले, त्यानंतर आई गेली. बाग विकली. पांढुर्ण्याचं घर तेवढं ठेवलं आहे. पांढुर्णा आता जिल्हा झाला, बस स्टँडवरून घरापर्यंतच्या रस्त्यावर मला ओळखणारं कोणी भेटत नाही. जिनिंगचा आवाज थांबला आहे, मालगाड्या मात्र तशाच जातात आणि रिकाम्या फडताळात वाजायला काही नाही. शनिवारी माझी सुट्टी असते. वरणभात खाऊन मी पिशवी उचलते. किल्ली अजून शेवंताकाकूंकडेच असते. त्यांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं, पण बसची वेळ त्यांना कळते. मागच्या वेळी त्या दारात खाट टाकून बसल्या होत्या. किल्ली कमरेची सोडता सोडता त्यांनी मान वर केली.

“आली का वं नलू?”

“हाव काकू.”

“आता कोन हाय इथं? कायले येऊन राहिली एवढ्या उनाची?”

“पोस्टरं पाहाले,” मी म्हणाले, आणि कुलूप उघडलं.